शिगेचं माप

काउंटर कुरियरने आला तेव्हा तामोत्सू उचिकोशी अंगणात मोजे वाळत घालत होता. मोजे सात होते. आठवा जूनपासून सापडत नव्हता, आणि तो शोधायचा कंटाळा आता इतका जुना झाला होता की मोजे सातच असतात असं तामोत्सू धरून चालला होता. त्याने ओल्या हाताने पावतीवर शिक्का उमटवला, खोकं उचललं आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचून ते पुन्हा खाली ठेवलं. नाओको. म्हणजे मुलगी. म्हणजे आत काहीतरी चांगल्या हेतूने पाठवलेलं असणार.

आत हातभर लांबीची काळी पेटी निघाली. बंद पडलेल्या कुठल्यातरी पाचिंकोच्या, म्हणजे लोखंडी गोळ्यांच्या जुगाराच्या, अड्ड्यातली असावी, कारण तिला अजून सिगरेटचा वास येत होता. सोबत चिठ्ठी होती.

"बाबा, हा आईच्या पाचिंकोवर बसवून घ्या. जिंकलेली प्रत्येक गोळी तो मोजतो, म्हणजे तुम्हाला वाकून मापं भरायला नकोत. मागच्या वेळी पिशवीभर गोळ्या मी इकडे आणल्या होत्या. तांदळाच्या मापाने चार वेळा मोजल्या. एका मापात एकशे पंचावन्न बसतात. एकवीस मापं म्हणजे तीन हजार दोनशे पंचावन्न. तो आकडा ओलांडला की काउंटर आपोआप वाजतो, तसं लावून घ्या. वर्षश्राद्धाला येते तेव्हा बघू."

'तेव्हा बघू' हे तामोत्सूने दोनदा वाचलं. नाओको शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती आणि दररोज सहाशे मुलांच्या सूपमधलं मीठ ग्रॅममध्ये मोजायची. ती 'बघू' म्हणाली की बघायची.

वर्षश्राद्धाला बारा दिवस होते.

बापलेकीत भांडण असं काही नव्हतं. त्याच्या बायकोला, मिसाओला, जाऊन एकोणपन्नास दिवस झाले त्या दिवशी नाओकोने देव्हाऱ्याच्या खोलीत उभं राहून चहूकडे पाहिलं होतं आणि पाचिंकोचं यंत्र देऊन टाकायचं का, असं विचारलं होतं. विचारणं चुकीचं नव्हतं. यंत्र माणसाएवढं उंच होतं, लाकडी घोडीवर बसवलेलं होतं आणि पितरांच्या देव्हाऱ्याला अगदी खेटून होतं. चार पाहुणे आले तर एकाला दारात बसावं लागायचं. स्टेशनजवळचा अड्डा बंद झाला तेव्हा मिसाओने ते मालकाकडून घरी आणलं होतं. तिचे गुडघे गेले होते, अड्ड्यापर्यंत चालवत नव्हतं. तेव्हापासून आठ वर्षं रोज दुपारी ती त्याच्यासमोर बसायची. खेळून झालं की डब्यात जमलेल्या गोळ्या तांदळाच्या मापाने मोजायच्या, हा तिचाच शोध. सकाळी तेच माप तांदळाला.

यंत्राशेजारी भिंतीवर तिने कॅलेंडरचं एक पान टाचणीने लावलं होतं. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. चौदा तारखेच्या चौकटीत जाड पेनाने लिहिलं होतं : एकवीस मापं. त्याच्या पुढे किंवा मागे कुठलाच आकडा नव्हता.

तामोत्सूने त्या दिवशी मुलीला त्या पानाकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "तुझ्या आईचा एकवीसचा आकडा आहे. तो मी मोडला की यंत्र देऊन टाकतो."

नाओकोला ते पटलं. दोनेक महिन्यांचा प्रश्न आहे, असं तिला वाटलं असणार. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा.

"किती झाली?"

"सतरा."

पुढच्या रविवारी अठरा. मग एकोणीस. मग पुन्हा सतरा. एकदा तर साडेवीस.

खरी गोष्ट अशी की एकवीस मापं फेब्रुवारीतच झाली होती. त्या दिवशी तामोत्सूने बोट फिरवून सपाट केलेली तेवीस मापं मोजली, आणि तो घाबरला. त्याने सगळ्या गोळ्या पुन्हा डब्यात ओतल्या आणि पुन्हा मोजल्या. या खेपेला त्याने प्रत्येक मापाला शीग लावली. एकेक गोळी ठेवत, खाली घरंगळून जाईपर्यंत शीग लावली. तेव्हा ती वीस भरली. मिसाओ शीग लावून मोजायची की सपाट, हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. तेव्हा हे खोटं बोलणं नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढचे नऊ महिने तो शीग लावूनच मोजत राहिला.

खेळ त्याला आवडत होता असंही नाही. पन्नास वर्षं मागांच्या खडखडाटात काम करून त्याला एका कानाने कमीच ऐकू यायचं. पण दुपारी तीन वाजले की गोळ्या खिळ्यांवर आपटत खाली यायच्या तो आवाज त्या घरात असायचा. तो नसला की घड्याळ ऐकू यायचं. एवढंच होतं.

आणि आता प्रत्येक गोळी मोजणारा, शीग न कळणारा काउंटर आला होता.

तो आपल्याला बसवता येत नाही, असं मुलीला सांगून मोकळं होता आलं असतं. पण नाओकोने तोदोरोकीला आधीच फोन केला होता. तोदोरोकी तामोत्सूचा शाळूसोबती. अड्ड्याच्या यंत्रांची वायरिंग करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी काही विचारत नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"नाओको म्हणाली, बाबांना जमणार नाही."

"जमणार नाहीच," तामोत्सू म्हणाला. "राहू दे म्हणतो मी."

"तू चहा ठेव."

पहिली अडचण मिसाओची होती. काउंटर यंत्राच्या डोक्यावर बसतो, आणि तिथे भिंतीवर तिचा फोटो होता. काउंटर ठेवला की तिची हनुवटी झाकली जायची. तोदोरोकी म्हणाला, फोटो वीतभर वर घेऊ. वर घेतला. खिळा मारताना भिंतीचा पोपडा देव्हाऱ्यातल्या भाताच्या वाटीत पडला. तामोत्सूने वाटी बदलली. फोटो वर गेल्यावर मिसाओ सरळ समोर न बघता खाली काउंटरकडे बघते आहे असं दिसू लागलं, आणि तिच्या त्या बघण्यात फारसा विश्वास नव्हता.

दुसरी अडचण विजेची. खोलीत एकच प्लग होता आणि त्याच्या पट्टीवर देव्हाऱ्याचे दोन विजेचे दिवे आणि पाचिंको अशी गर्दी होती. पाचिंको काढायचा नव्हता. मग तोदोरोकीने दिव्यांच्याच वायरीला जोड देऊन काउंटर त्यात बसवला. देव्हाऱ्याचे दिवे लावले की काउंटर लागायचा, दिवे मालवले की मालवायचा.

"हे बरं दिसतं का?" तामोत्सूने विचारलं.

"वहिनींना आवडलं असतं," तोदोरोकी म्हणाला, आणि यंत्राच्या पाठीमागे डोकं घालून बसला.

पाठीमागे तारांचा जुडगा होता. त्यातली एक तार जिंकलेल्या गोळ्यांची खबर देते. दहा गोळ्या पडल्या की एक इशारा. एक दार नीट लागलं की नाही ते सांगते. बाकीच्या अशाच कशाकशाच्या. तोदोरोकी म्हणाला, पांढरी गोळ्यांची, निळी दाराची. तीस वर्षांत यात कधी फरक पडलेला नाही. तामोत्सूने भीत भीत विचारलं की आपलं यंत्र वेगळ्या कंपनीचं आहे, त्यांचे रंग वेगळे नसतील ना. तोदोरोकीने डोकं बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"मी तुला कधी माग कसा चालवायचा ते शिकवलं का?"

तामोत्सू चहा आणायला गेला.

पांढरी तार जोडून झाली. एका इशाऱ्याला दहा, असं काउंटरच्या पाठीवरचं बटण लावलं. तीन हजार दोनशे पंचावन्नही लावलं. मग परीक्षा. तोदोरोकीने यंत्राचं काचेचं दार उघडलं, मूठभर गोळ्या आतल्या भोकात टाकल्या आणि दार धाडकन लावलं. काउंटरवर लाल अक्षरात दहा उमटले.

"बघ."

पुन्हा दार उघडलं, गोळ्या टाकल्या, दार लावलं. वीस.

"बघितलंस?"

तामोत्सूने बघितलं होतं. गोळ्या पडताना काउंटर गप्प होता आणि दार लागल्यावर हलला होता. हेही त्याने बघितलं होतं. पण तोदोरोकी हत्यारं पुसत होता आणि गेल्या कित्येक महिन्यांत तो एवढा खूश दिसला नव्हता.

त्या दुपारी तामोत्सू खेळला. गोळी नेमकी पडली तरच पंख उघडून आणखी गोळ्या देणारं जुनं यंत्र, पण हात चांगला लागला होता. गोळ्या सांडेपर्यंत डबा भरला. त्याने मान वर करून काउंटर पाहिला. नव्वद. म्हणजे दीड तासात ते ढिलं दार नऊ वेळा हललं होतं. तामोत्सूने पुन्हा डब्याकडे पाहिलं. मग पुन्हा नव्वदकडे. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्याने मापं भरली नाहीत. शीग लावायचे कष्टही वाचले.

रविवारी फोन आला.

"बसवला का काउंटर?"

"बसवला. तोदोरोकीने स्वतः बसवला."

"मग किती दाखवतो?"

"काल सत्तर. आज नव्वद."

"नव्वद मापं?"

"नव्वद गोळ्या."

पलीकडून श्वास ऐकू आला. "बाबा, म्हणजे अर्धं मापसुद्धा नाही."

"वय झालं," तामोत्सू म्हणाला.

तार चुकली आहे हे त्याला कळलं होतं. तोदोरोकीला हाक मारली असती तर दहा मिनिटांत दुरुस्ती झाली असती. पण कमी मोजणाऱ्या काउंटरची तक्रार कोण करतो? त्याने तो तसाच ठेवला. पुढे जे झालं ते त्यामुळे झालं, हे त्याला मान्य करावंच लागलं.

एक काळजी मात्र उरली होती, ती देवळातल्या गेनशू बुवांची. तामोत्सूच्या आईची तिथी चौदा तारखेची. दर महिन्याच्या चौदाला बुवा घरी येऊन तिच्या नावाने सूत्र म्हणत, अशी रीत वर्षानुवर्षं चालत आली होती. तामोत्सू तेव्हा गिरणीत असायचा, ते सगळं मिसाओ बघायची. ती गेल्यावर तो स्वतः बसू लागला, आणि त्याच्या लक्षात आलं की सूत्र संपलं तरी बुवा उठत नाहीत. चहा गार होईपर्यंत हातात धरून बसतात आणि त्यांची नजर पाचिंकोवर असते. पितरांच्या शेजारी जुगाराचं यंत्र, त्यांना आवडत नसणार. बोलून दाखवत नाहीत हा त्यांचा मोठेपणा. म्हणून तामोत्सू आता दर चौदाला यंत्रावर चादर टाकायचा. चादर पाहून बुवांचा चेहरा आणखी पडायचा, तेव्हा त्याला वाटे, चादर लहान पडते आहे.

वर्षश्राद्धाच्या सकाळी त्याने काउंटर शून्यावर आणला आणि सगळ्या यंत्रावर मिसाओचं जांभळं कापड टाकलं. दहा वाजता नाओको आणि जावई शिंगो आले. दोन माणसं आणि एक मिठाईचा डबा, पण आले छोटा ट्रक घेऊन. ट्रकमध्ये मागे दोन ब्लँकेटं आणि दोरीचं वेटोळं होतं. तामोत्सूने ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. शिंगोही काही बोलला नाही, पण तो कधीच बोलत नसे.

तोदोरोकी काळा कोट घालून आला आणि दारातली जागा धरून बसला. बुवा आले. त्यांनी आपला लाकडी मासा गादीवर ठेवला. आतून पोकळ, नारळाएवढा. त्यावर काठीचे ठोके देत सूत्र म्हणतात. बुवा अंगाने भरलेले होते आणि ठोका जोरात द्यायचे. नाओकोने देव्हाऱ्याचे दिवे लावले.

कापडाखाली लाल शून्य उजळलं. जांभळ्यातून ते सहज दिसत होतं, पण फक्त तामोत्सूच्या जागेवरून.

बुवांनी घंटा वाजवली, सूत्र सुरू केलं आणि पहिला ठोका दिला. जुन्या घराची लाकडी जमीन तातामी चटईखालून हलली, लाकडी घोडी हलली, यंत्राचं ढिलं दार हललं.

दहा.

दुसरा ठोका. वीस. तिसरा. तीस.

तामोत्सूने हात जोडलेले होते आणि डोळे मिटायला हवे होते. पण मिटता येईनात. एकशे वीस झाले, एकशे तीस झाले. मिसाओ वरून बघत होती. बुवांना लय सापडली होती आणि त्यांचा आवाज चांगला लागला होता. पाचशेला तामोत्सूच्या लक्षात आलं की सूत्र कितीही लवकर संपलं तरी तीन हजारांच्या आत संपणार नाही. प्लग देव्हाऱ्याच्या मागे होता. तो काढला तर वर्षश्राद्धाच्या मधेच पितरांचे दिवे गेले असते. तो गुडघ्यांवर थोडा पुढे सरकला. नाओकोने तिरक्या नजरेने पाहिलं. तो मागे सरकला. आठशे. त्याला वाटलं खोकावं, बुवा थांबतील. खोकला. बुवांनी त्याचा गळा भरून आला असं समजून आणखी जीव ओतला. ठोके जलद झाले.

दीड हजाराला त्याने नशिबावर सोडून दिलं. दोन हजाराला त्याला एवढंच वाटलं की आपण बायकोच्या वर्षश्राद्धाला बसलो आहोत आणि तिची एकही आठवण मनात आणलेली नाही, नुसता आकडा बघतो आहोत. मग वाटलं, दुपारी तीही हेच करायची.

तीन हजार दोनशे पन्नास. ठोका. साठ.

कापडाखालून बिगूल वाजला. लाल, हिरवे, पिवळे दिवे गरगर फिरू लागले आणि एका तरुण बाईचा गोड आवाज आला, "अभिनंदन. आज आपल्यावर नशिबाची खास मेहेरबानी आहे. सेवकाला बोलावण्यासाठी बटण दाबा."

बुवांची काठी हवेतच राहिली.

दारातून तोदोरोकी हळूच म्हणाला, "वाजतो. मी म्हणलं होतं."

नाओको उठली आणि तिने कापड ओढलं. बाईने पुन्हा सेवकाला बोलावण्याची आठवण करून दिली.

"बाबा. तीन हजार दोनशे साठ."

"मी खेळलो नाही."

"ते दिसतंय मला. मग कोण खेळलं?"

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी काठी मांडीवर ठेवली.

तामोत्सू फार थकला होता. दहा महिने एक गोष्ट धरून ठेवायची म्हणजे हात दुखतात. त्याने सांगितलं की तार चुकली आहे. तोदोरोकी म्हणाला, तीस वर्षांत माझी एक तार चुकलेली नाही. नाओकोने त्याला मिठाई दिली. मग ती वडिलांसमोर बसली.

"चुकली आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि मापं? सतरा, अठरा, साडेवीस, ती तरी खरी?"

"खरी. शीग लावून."

"शीग लावून," नाओकोने शांतपणे म्हटलं. रोज सहाशे वाट्या भात मोजणाऱ्या बाईला शीग म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. "आणि सपाट मोजली तर?"

"तेवीस. एकदा चोवीस."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

दिवे फिरत होते. नाओकोचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, मी यंत्र जबरदस्तीने नेलं नसतं. तुम्ही नको म्हणाला असतात तर गप्प बसले असते. पण आकड्याचं तुम्हीच बोललात. आईचा आकडा मोडला की देतो, हे तुमचे शब्द. मोडलाय ना?"

"मोडलाय," तामोत्सू म्हणाला.

शिंगो उठला आणि दोरी आणायला गेला. ट्रकचं फळकूट पाडल्याचा आवाज आला. तामोत्सू यंत्राकडे न बघता चटईच्या काठाकडे बघत राहिला. उद्या तीन वाजता काय करायचं, याचा विचार त्याने उद्यावर ढकलला.

बुवा खाकरले.

"तो आकडा वहिनींचा नाही," ते म्हणाले.

"कुठला?"

"एकवीस." बुवांनी भिंतीवरच्या पानाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "तारीख बघा. चौदा आहे."

तामोत्सूने पाहिलं. दहा महिने तो रोज त्या चौदाकडे बघत आला होता. त्याच्या आईची तिथी.

मग बुवांनी सांगितलं. पहिल्या वेळी वहिनींनी सहज विचारलं होतं, बुवा, एक मूठ खेळून बघता का. देवळाच्या माणसाला अड्ड्यावर जाता येत नाही, लोक बघतात. घरात कोण बघतं. मग दर चौदाला सूत्र झालं की अर्धा तास. सात वर्षं. त्या मार्चमध्ये एकवीस मापं झाली, तेव्हा वहिनींनी हसत हसत पेन काढून लिहिलं. बुवा म्हणाले, नाव घालू नका. म्हणून नाव नाही.

"म्हणजे," तोदोरोकी दारातून सावकाश म्हणाला, "आज बुवांनी बुवांचाच आकडा मोडला."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. नाओको बुवांकडे बघत होती. "मग आईचा किती होता?"

"त्यांचा मोजलेला मी पाहिला नाही. माझ्या गोळ्या मोजायच्या. स्वतःच्या डब्यात तशाच ठेवायच्या. म्हणायच्या, हे संध्याकाळी आले की मोजू."

तामोत्सूला संध्याकाळ आठवली. सहा वाजता तो गिरणीतून यायचा तेव्हा कानात कापसाचा बोळा तसाच अडकलेला असायचा. मिसाओ विचारायची, "अहो, जरा मोजता का?" तो विचारायचा, काय? ती म्हणायची, काही नाही, गोळ्या. तो म्हणायचा, उद्या. मग आतून काहीतरी ओतल्याचा आवाज यायचा. ऐकू कमी येत असल्यामुळे त्याला वाटायचं, तांदूळ धुते आहे.

"नाही मोजला कधी," तो म्हणाला. "मी उद्या म्हणायचो."

नाओकोने हाताच्या पाठीने नाक पुसून काउंटरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं.

"म्हणजे आईचा आकडाच नाही."

"नाही."

"मग तुम्ही मोडलात काय?"

शिंगो दोरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन दारात उभा होता. त्या दिवशीचं त्याचं पहिलं वाक्य तेव्हा आलं.

"ही परत ठेवू का?"

"ठेव," नाओको म्हणाली.

सूत्र अर्धंच राहिलं होतं. तोदोरोकीने प्लग काढला, नाओकोने दिव्यांच्या जागी मेणबत्त्या लावल्या, आणि बुवांनी उरलेलं सूत्र एकही ठोका न देता पुरं केलं. संध्याकाळी ट्रक गेला तो अगदीच रिकामा गेला नाही. काउंटर दोन ब्लँकेटांत गुंडाळून दोरीने नीट बांधलेला होता. तोदोरोकी गाडीमागे चार पावलं चालत गेला आणि शिंगोला म्हणाला, पांढरी तार गोळ्यांची, लक्षात ठेव.

डिसेंबरच्या चौदाला यंत्रावर चादर नव्हती. बुवा आले, त्यांनी तामोत्सूच्या आईच्या नावाने सूत्र म्हटलं. इतकं लहान सूत्र तिला आजवर मिळालं नसेल. मग ते उठले आणि बाह्या मागे घेऊन यंत्रासमोर बसले. तामोत्सू चहा घेऊन बाजूला बसला. गोळ्या खिळ्यांवरून खाली येत राहिल्या. बुवांचा चहा गार झाला, पण आता तो हातात नव्हता.

डबा भरला, दुसराही भरत आला. बुवांच्या मानेवर घाम आला होता. त्यांनी डबे हातांनी जोखून पाहिले आणि म्हणाले, बावीस तरी होतील. पेन आहे का घरात?

"आधी मोजू," तामोत्सू म्हणाला.

त्याने तांदळाचं माप आणलं, गोळ्यांत बुडवलं आणि वर काढलं. मग एकेक गोळी वर ठेवत, खाली घरंगळून जाईपर्यंत शीग लावली. बुवा बघत होते.

"वहिनी बोट फिरवून सपाट करायच्या," ते म्हणाले.

"तिचा हात वेगळा," तामोत्सू म्हणाला, आणि ते माप सावकाश ओतून दुसरं भरायला घेतलं.

एकोणीस भरली. पेन शोधायची गरज पडली नाही.